बूस्ट कन्व्हर्टरची स्विचिंग फ्रिक्वेन्सी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बूस्ट कन्व्हर्टर म्हणजे कमी डीसी व्होल्टेजचं जास्त करणारं सर्किट. त्यात मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, तीच स्विचिंग फ्रिक्वेन्सी. नाशिकच्या अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमधून, डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टवाल्या मुलांकडून, निफाड-दिंडोरीकडे सोलर दिवे आणि फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आकडे डोळ्यांसमोर राहावेत म्हणून बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण घेतलंय: १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी (उतरली की १०.५, चार्जिंगवर १४.४ व्होल्ट) आणि आउटपुट २४ व्होल्ट, ३ अँपिअर. पुढे त्याला ‘आपला नमुना’ म्हटलंय.

१. फ्रिक्वेन्सी वाढवली की आउटपुट व्होल्टेज वाढतं का?

नाही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि निम्मे जळालेले मॉस्फेट याच गैरसमजातून येतात. कॉइलमधला करंट शून्यावर न येता सलग वाहत असेल, तर आउटपुट ठरतं ड्युटीवरून, म्हणजे सायकलचा किती हिस्सा मॉस्फेट चालू असतो त्यावरून: आउटपुट = इनपुट ÷ (१ − ड्युटी). १२ चे २४ करायचे तर ड्युटी ०.५. मग फ्रिक्वेन्सी ५० किलोहर्ट्झ असो वा ५००. फ्रिक्वेन्सीमुळे बदलतो तो कॉइलमधल्या करंटचा चढउतार, म्हणजे रिपल. त्यातून पुढे कॉइलचा आकार, मॉस्फेटची उष्णता आणि रेडिओतली खरखर ठरते.

एक अपवाद आहे. लोड फार हलका असेल आणि करंट दर सायकलला शून्यावर येत असेल, तर त्याच ड्युटीला आउटपुट जास्त मिळतं आणि ते फ्रिक्वेन्सीवरही अवलंबून राहतं. फीडबॅक (आउटपुट बघून ड्युटी आपोआप आवरणारी व्यवस्था) नसेल आणि लोड काढून टाकला, तर आउटपुट चढतच जातं, कॅपॅसिटर किंवा मॉस्फेट फुटेपर्यंत. फीडबॅकशिवायचा बूस्ट लोडशिवाय कधीही चालू करू नका.

२. मग फ्रिक्वेन्सी किती ठेवायची?

हाताने बनवलेल्या, साध्या मॉस्फेटच्या, ५० ते १०० वॅटच्या बोर्डाला ५० ते १०० किलोहर्ट्झ. असं का, ते आपल्या नमुन्यावर बघू.

आउटपुट ७२ वॅट. कार्यक्षमता ९० टक्के धरली तर बॅटरी १०.५ व्होल्टवर असताना इनपुट करंट ७.६ अँपिअर, आणि कॉइलचा सरासरी करंटही तोच. ड्युटी १ − १०.५ ÷ २४, म्हणजे ०.५६. रिपल = इनपुट व्होल्टेज × ड्युटी ÷ (फ्रिक्वेन्सी × इंडक्टन्स). ३३ मायक्रोहेन्रीच्या कॉइलवर त्याचं असं होतं:

१०० किलोहर्ट्झला रिपल १.८ अँपिअर, शिखर करंट ८.५ अँपिअर.
५० किलोहर्ट्झला रिपल ३.६ अँपिअर, शिखर ९.४.
२५ किलोहर्ट्झला रिपल ७.२ अँपिअर, शिखर ११.२.

सरासरीच्या २० ते ४० टक्के रिपल सोयीचा. म्हणजे या कॉइलला १०० किलोहर्ट्झ नीट बसतं. ५० वर उतरायचं असेल तर कॉइल ६८ मायक्रोहेन्रीची घ्या, तीही तेवढाच करंट सॅच्युरेट न होता (कोरची चुंबकत्व धरायची क्षमता न संपता) पेलणारी. तोपर्यंत फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या टायमिंग रेझिस्टरला हात लावू नका.

वरची मर्यादा मॉस्फेट घालतो. आयआरएफझेड४४एन (५५ व्होल्ट, १७.५ मिलिओहम) घेतला तर गरम अवस्थेतला वहनाचा तोटा साधारण ०.८५ वॅट. तो फ्रिक्वेन्सीने बदलत नाही. चालू-बंद होण्याच्या दोन्ही वेळा मिळून १०० नॅनोसेकंद धरल्या तर स्विचिंगचा तोटा १०० किलोहर्ट्झला ०.९ वॅट, ४०० ला ३.६ वॅट. १०० च्या आसपास दोन्ही तोटे सारखे होतात. त्याखाली गेलात तर मॉस्फेटचा फायदा थोडा आणि कॉइल मात्र मोठी.

३. कॉलेज प्रोजेक्टला अर्डुइनोच्या ॲनालॉगराइटवर बूस्ट चालवला. मॉस्फेट लगेच उडतो. का?

कारण युनोवर ॲनालॉगराइटची फ्रिक्वेन्सी ४९० हर्ट्झ आहे (५ आणि ६ नंबरच्या पिनवर ९८०). ५० टक्के ड्युटीला मॉस्फेट जवळजवळ १ मिलिसेकंद चालू राहतो. १२ व्होल्टवर ३३ मायक्रोहेन्रीतला करंट दर मायक्रोसेकंदाला ०.३६ अँपिअरने चढतो, म्हणजे ३० मायक्रोसेकंदांत ११ अँपिअर. त्यानंतर कोर सॅच्युरेट होतो, कॉइल नुसती तार उरते, आणि उरलेले ९७० मायक्रोसेकंद बॅटरी मॉस्फेटमधून शॉर्ट असते.

टायमर १ थेट वापरा. १६ मेगाहर्ट्झ क्लॉक, फास्ट पीडब्ल्यूएम, प्रीस्केलर १ आणि आयसीआर१ मध्ये १५९ टाकलं की बरोबर १०० किलोहर्ट्झ मिळतात. पण मग ड्युटीचे टप्पे फक्त १६० राहतात, आणि १२ ते २४ व्होल्टच्या कामात एका टप्प्याने आउटपुट ०.३ व्होल्टने उडी मारतं. फीडबॅकचा प्रोग्राम दोन टप्प्यांमध्ये मागेपुढे करत राहिला तर तो प्रोग्रामचा दोष नाही. १०० किलोहर्ट्झला टप्पे तेवढेच आहेत.

आणखी दोन गोष्टी. पिनमधून ५ व्होल्ट आणि मोजके मिलिअँपिअर मिळतात. आयआरएफझेड४४एन पूर्ण उघडायला १० व्होल्ट लागतात, म्हणून मध्ये टीसी४४२७ सारखा ड्रायव्हर हवाच. आणि ड्रायव्हरचा इनपुट ते ग्राउंड १० किलोओहम लावा, म्हणजे रिसेटच्या वेळी तो इनपुट तरंगत राहणार नाही.

४. यूसी३८४३ ची फ्रिक्वेन्सी कशी लावायची?

हा बूस्ट चालवणारा कंट्रोलर आयसी. पिन ८ (५ व्होल्ट रेफरन्स) ते पिन ४ टायमिंग रेझिस्टर, पिन ४ ते ग्राउंड टायमिंग कॅपॅसिटर. रेझिस्टर ५ किलोओहमपेक्षा मोठा असेल तर फ्रिक्वेन्सी = १.७२ ÷ (रेझिस्टर × कॅपॅसिटर). २.२ नॅनोफॅरड आणि ८.२ किलोओहमला ९५ किलोहर्ट्झ, ७.५ किलोओहमला १०४.

कॅपॅसिटर आधी ठरवा, रेझिस्टर नंतर. आयसी कॅपॅसिटर साधारण ८.३ मिलिअँपिअरने रिकामा करतो आणि तेवढा वेळ आउटपुट सक्तीने बंद असतं. २.२ नॅनोफॅरडला हा वेळ अर्धा मायक्रोसेकंद, म्हणजे कमाल ड्युटी ९५ टक्क्यांच्या आसपास. हीच १०० किलोहर्ट्झ १० नॅनोफॅरड आणि छोट्या रेझिस्टरने काढली, तर बंद वेळ अडीच मायक्रोसेकंदांवर जातो आणि ड्युटी ७५ टक्क्यांपुढे जात नाही. बूस्टमध्ये हे मुद्दाम करण्यासारखं आहे. बॅटरी पार उतरली की ड्युटी ९५ टक्क्यांपर्यंत चढते, आउटपुट वाढायच्या ऐवजी कोसळतं आणि करंट फक्त उष्णता करतो. आपल्या नमुन्याला ७० ते ७५ टक्क्यांची मर्यादा पुरते. फक्त रेझिस्टर ५ किलोओहमखाली गेल्यावर वरचं सूत्र चुकतं, म्हणून तिथे प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावून स्कोपवर (ऑसिलोस्कोप) जुळवा आणि मग त्या किमतीचा पक्का रेझिस्टर बसवा. प्रीसेट कायमचा ठेवू नका. धक्क्याने त्याचा संपर्क सुटला की ऑसिलेटर थांबतो.

५. ३८४३ मिळाला नाही म्हणून ३८४२ लावला. बोर्ड सुरूच होत नाही. ३८४५ लावला तर फ्रिक्वेन्सी निम्मी येते. आयसी डुप्लिकेट आहेत का?

दोन्ही अस्सल असू शकतात. ३८४२ आणि ३८४४ सुरू व्हायला १६ व्होल्ट लागतात, १२ व्होल्टच्या बॅटरीवर ते उठणारच नाहीत. ३८४३ आणि ३८४५ साडेआठ व्होल्टच्या जरा खालीच सुरू होतात. ३८४४ आणि ३८४५ मध्ये आत फ्लिप-फ्लॉप आहे. तो एक सायकल आड पल्स गाळतो, म्हणून आउटपुट ऑसिलेटरच्या निम्मं आणि ड्युटी ५० टक्क्यांच्या आत. १०.५ चे २४ करायला ५६ टक्के लागतात, तेव्हा ३८४५ इथे चालत नाही. १२ व्होल्टच्या बूस्टला ३८४३ च.

६. टीएल४९४ आणि एसजी३५२५ चं काय?

हेही कंट्रोलर आयसीच. टीएल४९४ मध्ये पिन ५ ला कॅपॅसिटर, पिन ६ ला रेझिस्टर, फ्रिक्वेन्सी = १.१ ÷ (रेझिस्टर × कॅपॅसिटर). १ नॅनोफॅरड आणि ११ किलोओहमला १०० किलोहर्ट्झ. पिन १३ ग्राउंडला जोडा, म्हणजे दोन्ही आउटपुट एकदम चालतात. ही पिन रेफरन्सला राहिली तर प्रत्येक आउटपुट निम्म्या फ्रिक्वेन्सीवर आणि ५० टक्क्यांच्या आत राहतं. जुन्या कॉम्प्युटर सप्लायचा बोर्ड बदलून वापरणाऱ्यांचं नेमकं इथे अडतं.

एसजी३५२५ पुश-पुलसाठीच (दोन मॉस्फेट आळीपाळीने चालवायला) बनलाय. एकच आउटपुट घेतलं तर प्रश्न ५ मधल्या ३८४५ सारखीच गत. बूस्टसाठी मुद्दाम विकत घेऊ नका.

७. रेडीमेड मॉड्यूलची फ्रिक्वेन्सी बदलता येते का?

एमटी३६०८ (१.२ मेगाहर्ट्झ) आणि एक्सएल६००९ (४०० किलोहर्ट्झ) यांची फ्रिक्वेन्सी आतच पक्की केलेली आहे. बोर्डावरचा प्रीसेट फक्त फीडबॅकचा, म्हणजे व्होल्टेजचा. फ्रिक्वेन्सी ठरवायची असेल तर एलएम३४७८ सारखा कंट्रोलर घ्या. त्यात एका रेझिस्टरने १०० किलोहर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ लावता येतात.

८. एक्सएल६००९ लिहिलेलं मॉड्यूल अर्ध्या लोडलाच तापतं आणि आउटपुट पडतं. असं का?

स्विच पिनवर स्कोप लावून फ्रिक्वेन्सी बघा. ४०० च्या ऐवजी ५० च्या घरात दिसली, तर वर नाव काहीही छापलेलं असो, आत एलएम२५७७ जातीचा ५२ किलोहर्ट्झचा आयसी आहे. असे बोर्ड बाजारात फिरतात. कॉइल मात्र ४०० किलोहर्ट्झच्या हिशेबाने ३३ मायक्रोहेन्रीची असते. १२ ते २४ व्होल्टच्या कामात ४०० ला तिच्यातला रिपल ०.४५ अँपिअर असता, ५२ ला तो ३.५ होतो. स्विचची मर्यादा ३ अँपिअर, म्हणून बोर्ड लोड धरतच नाही. असा बोर्ड फेकायची गरज नाही. १५० मायक्रोहेन्रीच्या पुढची, करंट पेलणारी कॉइल बसवली तर छोट्या लोडला चालतो.

९. एमसी३४०६३ ची फ्रिक्वेन्सी स्कोपवर स्थिर दिसत नाही. खराब आहे का?

खराब नाही, तो चालतोच तसा. ऑसिलेटर स्थिर असतो (१ नॅनोफॅरडला सुमारे ३३ किलोहर्ट्झ), पण आउटपुट पुरेसं असेल तर आयसी पूर्ण पल्सच गाळतो. हलक्या लोडला पल्सचे झुबके दिसतात आणि मल्टिमीटर भलताच आकडा दाखवतो. खरी फ्रिक्वेन्सी बघायची तर पिन ३ वर बघा.

१०. कॉइलला कोर कुठला घ्यायचा? भंगारातल्या कॉम्प्युटर सप्लायचा पिवळा-पांढरा रिंग चालेल का?

पिवळा-पांढरा रिंग म्हणजे २६ नंबरचा आयर्न पावडर. रिपल मोठा असेल तर ५० किलोहर्ट्झच्या पुढे तो चांगलाच तापतो. वर्षानुवर्षं तापून त्यातला चिकटा म्हातारा झाला की तोटा आणखी वाढतो, म्हणून भंगारातला जुना रिंग तर नकोच. १०० किलोहर्ट्झला सेन्डस्टचा काळा रिंग किंवा गॅप दिलेला (मध्ये फट ठेवलेला) फेराइट घ्या. हिरव्या रंगाचे गॅप नसलेले फेराइट रिंग फिल्टरसाठी असतात. बूस्टमध्ये ते एखाद्या अँपिअरलाच सॅच्युरेट होतात, आणि इंडक्टन्स मीटरवर मात्र आकडा छान मोठा दाखवतात. इथे बरेच जण फसतात.

आपल्या नमुन्याला ईटीडी २९ पुरतो. त्याचं क्षेत्रफळ ७६ चौरस मिलिमीटर. करंटची मर्यादा ११ अँपिअर आणि फ्लक्स ०.२५ टेस्ला धरला की १९ वेढे येतात, २० घ्या. ३३ मायक्रोहेन्रीसाठी एकूण गॅप साधारण १.१६ मिलिमीटर. कोर मधून घासता येत नसेल तर दोन्ही अर्ध्यांमध्ये कागद किंवा मायलार घाला. पण तो मधल्या आणि बाजूच्या दोन्ही वाटांत येतो, म्हणून जाडी निम्मी, ०.५८ मिलिमीटर. हे विसरून १.१६ चा कागद घातला की इंडक्टन्स निम्म्याच्या आसपास येतो आणि सगळा दोष फ्रिक्वेन्सीवर टाकला जातो.

तार एकच जाड नको. १०० किलोहर्ट्झला करंट तांब्यात वरच्या ०.२ मिलिमीटरमध्येच शिरतो. ०.४ मिलिमीटरच्या १२ तारा पीळ देऊन एकत्र गुंडाळा, आणि गॅपच्या अगदी जवळून वेढा नेऊ नका. तिथे फ्लक्स बाहेर फुगतो आणि नेमकी तेवढी तार काळी पडते.

११. मॉस्फेट तापतो. फ्रिक्वेन्सी कमी करू का?

आधी कशामुळे तापतो ते पाहा. ड्युटी तीच ठेवून फ्रिक्वेन्सी २० टक्क्यांनी कमी केल्यावर तापमान स्पष्ट उतरलं, तर तोटा स्विचिंगचा आहे. अशा वेळी फ्रिक्वेन्सीपेक्षा गेट ड्राइव्ह सुधारणं जास्त फायद्याचं. गेट रेझिस्टर १०० ओहमचा असेल तर १० करा, ड्रायव्हर ते गेट अंतर दोन सेंटिमीटरच्या आत आणा. फरक पडला नाही तर तोटा वहनाचा. तापमान उलट वाढलं तर कॉइल सॅच्युरेट होतेय.

‘मोठा मॉस्फेट लावला तरी तापतो’ ही तक्रारही नेहमीची. आयआरएफ३२०५ चा रेझिस्टन्स ८ मिलिओहम, पण गेट चार्ज १४६ नॅनोकुलोंबपर्यंत, आयआरएफझेड४४एन च्या दुपटीहून जास्त. अशक्त ड्रायव्हरला तो हळू हलतो, आणि १०० किलोहर्ट्झच्या वर तो लावून नुकसानच होतं.

१२. डायोड कोणता?

शॉटकी. २४ व्होल्टला ६० व्होल्टचा, शिखर करंट पेलणारा. १एन४००७ नको. तो बंद व्हायलाच काही मायक्रोसेकंद घेतो आणि १०० किलोहर्ट्झची अख्खी सायकल १० मायक्रोसेकंदांची असते. तेवढा वेळ आउटपुट कॅपॅसिटर मॉस्फेटमधून शॉर्ट होतो.

१३. फ्रिक्वेन्सी १०० किलोहर्ट्झ आहे, तरी कॉइल शिट्टी का घालते?

१०० किलोहर्ट्झ कानाला ऐकू येत नाही. ऐकू येतंय ते २० किलोहर्ट्झच्या खालचं दुसरं काहीतरी आहे. तीन शक्यता. हलक्या लोडला आयसी पल्स गाळतोय (प्रश्न ९). किमान लोड म्हणून एक रेझिस्टर लावून बघा. ड्युटी ५० टक्क्यांच्या वर गेल्यावर सबहार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या खालची लय) सुरू होऊन पल्स विस्कटलेत (प्रश्न १४). किंवा शेजारी दुसरा कन्व्हर्टर आहे (प्रश्न २०). वार्निश घातल्याने आवाज दबतो, कारण जात नाही. सबहार्मोनिक असेल तर शिखर करंट वाढलेलाच राहतो.

१४. बॅटरी ११.५ व्होल्टच्या खाली गेली की स्कोपवर एक पल्स रुंद, एक अरुंद दिसतो. फ्रिक्वेन्सी निम्मी झाल्यासारखी वाटते.

हे सबहार्मोनिक. ३८४३ सारख्या शिखर करंट पाहणाऱ्या आयसीत ड्युटी ५० टक्क्यांच्या पुढे गेली की एका सायकलची छोटी चूक पुढच्या सायकलला वाढत जाते. फ्रिक्वेन्सी बदलून हे जात नाही. करंटच्या सिग्नलमध्ये थोडा उतार मिसळावा लागतो, त्याला स्लोप कॉम्पेन्सेशन म्हणतात.

आपल्या नमुन्यात कॉइलचा करंट उतरण्याचा वेग (२४ − १०.५) ÷ ३३, म्हणजे ०.४१ अँपिअर प्रति मायक्रोसेकंद. त्याच्या किमान निम्मा उतार हवा. सेन्स रेझिस्टर (मॉस्फेटचा करंट मोजणारा) ०.०८२ ओहम असेल तर पिन ३ वर १७ मिलिव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. बीसी५४७ चा कलेक्टर पिन ८ ला, बेस पिन ४ ला, एमिटर ८.२ किलोओहममधून पिन ३ ला. सेन्स रेझिस्टर ते पिन ३ मध्ये १ किलोओहम आणि पिन ३ ते ग्राउंड ४७० पिकोफॅरड. यातून साधारण १९ मिलिव्होल्टचा उतार मिळतो. रेझिस्टर थेट पिन ४ वरून ओढू नका, ऑसिलेटरवर भार येऊन फ्रिक्वेन्सीच सरकते.

याची किंमतही मोजावी लागते. मिसळलेल्या उतारामुळे पिन ३ ची १ व्होल्टची मर्यादा लवकर गाठली जाते. वरच्या किमतींना करंटची मर्यादा १२ अँपिअरवरून ११ च्या आसपास येते. आपल्याला ८.५ हवेत, म्हणून चालतं. पण सेन्स रेझिस्टर ०.१ ओहमचा ठेवला असता तर उतरलेल्या बॅटरीवर पूर्ण लोड जेमतेमच निघाला असता. सेन्स रेझिस्टर ५ वॅटचा घ्या, आणि वायरवाउंड नको. त्याच्या इंडक्टन्समुळे पिन ३ वर काटे येतात.

१५. हलक्या लोडला स्विचिंगच्या ठिकाणी लाटा दिसतात. फ्रिक्वेन्सी बिघडली का?

नाही. आपल्या नमुन्यात १२ व्होल्टवर लोड ०.४५ अँपिअरच्या खाली गेला की कॉइलचा करंट दर सायकलला शून्यावर येतो. उरलेल्या वेळात कॉइल आणि मॉस्फेटची कपॅसिटन्स आपापसांत झुलतात. निरुपद्रवी आहे. ही सीमा फ्रिक्वेन्सी आणि इंडक्टन्सच्या गुणाकाराने सरकते, म्हणून फ्रिक्वेन्सी निम्मी केली की ती ०.९ अँपिअरवर येते.

१६. फ्रिक्वेन्सी दुप्पट केली तरी आउटपुटचा रिपल कमी का होत नाही?

कारण तो कॅपॅसिटरच्या आतल्या रेझिस्टन्समधून येतोय. २२० मायक्रोफॅरडचा फक्त चार्ज-डिस्चार्ज धरला तर १०० किलोहर्ट्झला रिपल ०.०८ व्होल्ट. पण कॅपॅसिटरचा अंतर्गत रेझिस्टन्स ०.०५ ओहम असेल तर ८.५ अँपिअरच्या झटक्याला ०.४३ व्होल्ट उडतात, आणि तो भाग फ्रिक्वेन्सीने हलत नाही. लो-ईएसआरचे (हाच अंतर्गत रेझिस्टन्स कमी असलेले) दोन-तीन कॅपॅसिटर समांतर लावा, सोबत २.२ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक डायोडच्या अगदी जवळ.

१७. मोजायची कशी? मीटर आणि स्कोप वेगवेगळे आकडे दाखवतात.

स्कोपवर, गेटला किंवा ड्रेनला. टायमिंग कॅपॅसिटरच्या पिनवर नको (प्रश्न ९ मधला एमसी३४०६३ सोडून). दहापट प्रोबची १०-१५ पिकोफॅरड तिथे मिसळते, आणि कॅपॅसिटर २२० पिकोफॅरडचा असेल तर फ्रिक्वेन्सी ५ टक्क्यांनी खाली दिसते. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून स्प्रिंग वापरा. मल्टिमीटर ड्रेनवरच्या काट्यांनाही मोजतो आणि दुप्पट-तिप्पट आकडा देतो.

१८. फ्रिक्वेन्सी ऋतूप्रमाणे सरकते. थंडीत ठीक असलेला बोर्ड मे महिन्यात बंद पडतो.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टायमिंग कॅपॅसिटर साधा सिरॅमिक डिस्क असेल, तर निफाडची पहाटेची थंडी आणि पत्र्याच्या शेडमधली मे महिन्यातली दुपार यांत त्याची किंमत बरीच बदलते. एनपीओ किंवा पॉलिस्टर फिल्मचा घ्या, फरक एक-दोन टक्क्यांवर येतो.

दुसरी गोष्ट कोरची. पॉवर फेराइटची सॅच्युरेशन २५ अंशांना ०.४९ टेस्लाच्या आसपास, १०० अंशांना ०.३९. फ्लक्स ०.४ धरून कॉइल गुंडाळली असेल तर ती थंडीत चालते आणि बंद डब्यात उन्हाळ्यात मॉस्फेट घेऊन जाते. प्रश्न १० मध्ये ०.२५ धरलंय ते यासाठीच.

द्राक्षबागेतल्या बोर्डांना तिसरं कारण असतं. गंधकाची भुकटी आणि बोर्डो मिश्रणाचा थर, त्यावर दव. हा थर वीज वाहतो. टायमिंग रेझिस्टर १०० किलोओहमच्या वरचा असेल तर ही गळती त्याच्याशी बरोबरी करते आणि फ्रिक्वेन्सी सरकते, कधी ऑसिलेटर थांबतोही. मोठा कॅपॅसिटर आणि १० किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर घ्या. बोर्ड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुऊन, वाळवून कन्फॉर्मल कोटिंगचे दोन हात द्या. कोटिंगच्या आधी धुणं टाळलं तर मीठ आत अडकतं आणि ते न दिल्यापेक्षा वाईट.

१९. रेडिओत खरखर येते. फ्रिक्वेन्सी कुठे न्यावी?

मीडियम वेव्ह ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ. १०० किलोहर्ट्झचे सहाव्यापासून सोळाव्यापर्यंतचे हार्मोनिक (तितक्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी) त्यात पडतात, म्हणून मूळ फ्रिक्वेन्सी सरकवून फार फरक पडत नाही. इनपुटला एलसी फिल्टर, ड्रेनची वाट छोटी, आणि मॉस्फेट-डायोड-आउटपुट कॅपॅसिटर हा फेरा बोटाच्या पेरात बसेल एवढा. झिरो पीसीबीवर लांब वायरींनी जोडलेला बोर्ड कुठल्याही फ्रिक्वेन्सीला खरखर करणारच.

कारखान्यात चाचणीसाठी जाणाऱ्या मालाचं गणित वेगळं. वायरमधून जाणाऱ्या गोंगाटाची मोजणी बहुतेक मानकांत १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते. मेनवरचे पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे) बूस्ट ६५ किलोहर्ट्झला ठेवतात ते म्हणून: दुसरा हार्मोनिकही १३० वर, मोजणीच्या बाहेर राहतो. गाड्यांमधले आयसी रेडिओत खरखर नको म्हणून ४०० किलोहर्ट्झला किंवा थेट २ मेगाहर्ट्झच्या वर चालतात, मधला मीडियम वेव्हचा पट्टा टाळून.

२०. दोन बोर्ड एका बॅटरीवर लावले की गुणगुण सुरू होते.

एक १०० ला, दुसरा १०३ किलोहर्ट्झला असेल तर फरकाचे ३ किलोहर्ट्झ ऐकू येतात. दोन्ही एकाच तालावर आणा. टीएल४९४ मध्ये दुसऱ्या आयसीची पिन ६ त्याच्या पिन १४ ला जोडा आणि दोघांच्या पिन ५ एकत्र करा, कॅपॅसिटर एकच. ३८४३ मध्ये टायमिंग कॅपॅसिटरच्या ग्राउंड बाजूला ४७ ओहम घालून तिथे सिंक पल्स द्या, आणि सिंकची फ्रिक्वेन्सी आयसीच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा १० ते २० टक्के जास्त ठेवा. कमी ठेवली तर आयसी ऐकतच नाही. दोघांना अर्ध्या सायकलच्या अंतराने चालवता आलं तर आणखी उत्तम. ५० टक्के ड्युटीला बॅटरीकडचा रिपल जवळजवळ नाहीसा होतो.

२१. फ्रिक्वेन्सी वाढवली तर लोडच्या झटक्याला आउटपुट लवकर सावरेल ना?

कॉइल तीच ठेवली तर नाही. बूस्टमध्ये ड्युटी वाढवली की आउटपुट आधी क्षणभर खाली जातं, कारण डायोडला मिळणारा वेळ कमी होतो, आणि मग वर येतं. हा उलटा प्रतिसाद ज्या फ्रिक्वेन्सीपासून आडवा येतो ती = लोड रेझिस्टन्स × (१ − ड्युटी)² ÷ (२ × ३.१४ × इंडक्टन्स). नमुन्यात ८ ओहम, ०.१९ आणि ३३ मायक्रोहेन्री: ७.४ किलोहर्ट्झ. फीडबॅकचा लूप त्याच्या पाचव्या हिश्श्यात, दीड किलोहर्ट्झपर्यंतच ठेवावा लागतो. यात स्विचिंग फ्रिक्वेन्सी कुठेच नाही, इंडक्टन्स आहे. फ्रिक्वेन्सी वाढवून कॉइल लहान केली तरच फायदा. फक्त रेझिस्टर बदलून लूप वेगवान केला की आउटपुट डोलायला लागतं.

२२. काही बूस्टमध्ये फ्रिक्वेन्सी लोडप्रमाणे आपोआप बदलते. तसं मुद्दाम करावं का?

एल६५६२ सारखे पीएफसी आयसी कॉइलचा करंट शून्यावर आला की लगेच पुढचा पल्स देतात. त्यामुळे डायोड शांतपणे बंद होतो आणि स्विचिंगचा तोटा घटतो, पण शिखर करंट सरासरीच्या दुप्पट होतो आणि लोड हलका झाला की फ्रिक्वेन्सी चढते. ४०० व्होल्टला, जिथे डायोडचा तोटा मोठा, तिथे हे फायद्याचं. १२ ते २४ व्होल्टला शॉटकी आहेच, तिथे स्थिर फ्रिक्वेन्सी बरी. सोलर एमपीपीटीतही (पॅनेलमधून जास्तीत जास्त पॉवर काढताना) ड्युटी हलवा, फ्रिक्वेन्सी नको. दोन्ही एकदम हलवलं तर पॉवर कशामुळे बदलली ते कळत नाही.

२३. झटका मशीनचीही फ्रिक्वेन्सी वाढवता येईल का? डुकरं कुंपण ओलांडतात.

तिथे दोन फ्रिक्वेन्सी आहेत. आतला कन्व्हर्टर कॅपॅसिटर चार्ज करतो, आणि मग तो कॅपॅसिटर ट्रान्सफॉर्मरमधून तारेवर झटका सोडतो. तारेवरच्या दोन झटक्यांमध्ये किमान १ सेकंद अंतर सुरक्षा मानकाने बंधनकारक आहे, कारण तेवढ्या वेळात माणूस किंवा जनावर तार सोडून बाजूला होऊ शकतं. ते अंतर कमी करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. झटका कमी बसत असेल तर अर्थिंगचे रॉड, तारेला टेकलेलं गवत आणि फुटलेले इन्सुलेटर तपासा.